कपाळावरची पेन्सिल

माझ्यात काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं. निगेटिव्ह म्हणतात मला. हल्लीच्या पोरांनी मला बघितलेलं नाही आणि ज्या म्हाताऱ्यांनी बघितलंय त्यांना माझी आठवण नकोय. तरी बोलते. आजवर माझ्या अंगावर दुसऱ्यांनीच लिहून घेतलं.

आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत माणिकरावांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात माझा जन्म झाला. पंचवीसेक वर्षं झाली असतील. रंगीत फिल्म माणिकराव लग्नसराईला राखून ठेवायचे. साध्या जोडफोटोला काळी-पांढरीच.

माझ्यात दोन माणसं उभी आहेत. एक हनुमान, डोंगरकडा गावच्या शिवारात मेंढ्या राखणारा. दुसरी त्याची नवी नवरी, सिंधूबाई. आणि माझ्यात नसलेला, पण ज्याच्या हुकमाने मला काढलं तो हनुमानचा थोरला भाऊ दगडोबा. तो कॅमेऱ्याच्या मागे हात बांधून उभा होता.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. सिंधूबाई राखणीला असताना लांडग्याने एक कोकरू नेलं. दगडोबाने तिच्या डोक्यात काठी घातली, कपाळ फुटलं. तेवढ्यात वसमतकडून, तिच्या माहेराहून निरोप आला: जोडीचा फोटो पाठवा. लेक लांब दिली की आईबाप फोटो भिंतीला टांगून समाधान मानायचे. फार सोपं समाधान असतं मोठ्यांचं.

दगडोबाने स्टुडिओच्या दारातच तिला पट्टी सोडायला लावली. फोटो काढून झाल्यावर तो माणिकरावांना म्हणाला, "कपाळ तेवढं साफ करा. फोटू माहेराला जायचाय."

माणिकराव कामाला बसले. भिंग लावलं, पेन्सिलीला टोक काढलं. जखम काळपट असते, म्हणून माझ्यावर ती जागा अगदी पातळ होती, आरपार दिसावं इतकी. तिथे त्यांनी केसाएवढ्या रेघा भरल्या. उजेड अडला आणि फोटोत सिंधूबाईचं कपाळ गुळगुळीत निघालं. हनुमानला पेन्सिल लावावी लागली नाही. त्याच्या तोंडावर झाकण्यासारखं काही नव्हतंच, बायकोची फिकीरसुद्धा नव्हती.

फोटो माहेरी गेला. मी बिस्किटाच्या डब्यात गेले.

डब्यात असतानाच दुनिया बदलली. अंधाऱ्या खोलीत माणिकरावांनी जुन्या खुर्च्या कोंबल्या, पुढे कॉम्प्युटर आला. आता ते गेलेल्या माणसाला कोट चढवून देतात, शालू नेसवून देतात, मागे काश्मीरचा डोंगर लावून देतात. ज्या बाईने जन्मभर मेंढ्यांमागे उन्हात हाडं काळी केली, ती यांच्या कॉम्प्युटरमधून पिठासारखी गोरी होऊन बाहेर पडते. घरचे म्हणतात, बराबर जमलंय. पेन्सिल सुटली, सवय राहिली.

गेल्या वर्षी सिंधूबाई वारली. तिची एकुलती एक लेक साधना वसमतच्या कॉलेजात बी.ए. करत होती. दगडोबाने फर्मान काढलं की शिक्षण पुरे, घरात भाकरी कोण टाकणार. हनुमानने मान हलवली. त्या दिवसापासून साधना भाकरी टाकते, पण अशी, की तव्यालाही धाक वाटावा.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भिंतीवर लावायला फोटोची शोधाशोध झाली. मोबाईलमधल्या एकूण एक फोटोत सिंधूबाईचा पदर भुवईपर्यंत ओढलेला. दगडोबा म्हणाला, माहेरी तो लग्नानंतरचा जोडफोटो आहे ना, तोच मोठा करून घेऊ. साधनाने अट घातली: कपाळावर वण होता तो दिसला पाहिजे, आणि काठीने कुणी पाडला तेही लोकांना कळलं पाहिजे.

दगडोबा चिडलासुद्धा नाही. "कोणती काठी? तुझी माय आडावर पाय घसरून पडली, लग्नानंतर लई दिसांनी. फोटू बघ की. हाय का त्यात वण? तुला काय बी सांगत व्हती ती."

घाव बरोबर बसला. आईने साधनाला पट्टीची, स्टुडिओच्या दाराची, सगळी हकीकत सांगितली होती. आता एक तर आई खोटी, नाही तर फोटो. दुसऱ्या दिवशी ती माणिकरावांच्या दुकानात येऊन बसली आणि उठेचना. शेवटी त्यांनी कंटाळून डबा तिच्यापुढे सरकवला. एकेक निगेटिव्ह उजेडाला धरत तिने मला हुडकून काढलं.

तिने मोबाईलचा पडदा पांढराशुभ्र केला, मला त्यावर ठेवलं आणि स्टुडिओच्या डिजिटल कॅमेऱ्याने वरून माझा फोटो घेतला. कॉम्प्युटरवर तो उलटा केला; काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पंचवीस वर्षांनी सिंधूबाई उजेडात आली. साधनाने कपाळ मोठं करून बघितलं. साफ, कोरं कपाळ. पोरीचं तोंड उतरलं. मला ओरडावंसं वाटत होतं. निगेटिव्हला कुठला आवाज?

तेवढ्यात मोबाईलचा पडदा आपोआप विझला. खालचा उजेड गेला, आणि दारातून येणारं ऊन माझ्यावर तिरकं पडलं. सिंधूबाईच्या कपाळावर पेन्सिलीच्या रेघा चकाकल्या, ओल्या वाळूवर गोगलगाय चालून गेल्यासारख्या.

"हे काय आहे, काका?"

माणिकराव चष्मा पुसत बसले. म्हणाले, रिटच आहे, डाग झाकायला पेन्सिल फिरवायची, तेव्हा सगळ्यांचंच करायचो, गिऱ्हाईक सांगेल तसं. कोणत्या गिऱ्हाइकाने सांगितलं, हे मात्र त्यांना आठवेना. "काहून उकरून राहिली, पोरी? पुसायला जाशील तर फिल्मच जाईन."

ते खरं होतं. हात चुकला असता तर सिंधूबाईचा चेहराच गेला असता. साधनाने कापसाचा बोळा दुकानातल्या स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि श्वास धरून माझ्यावर फिरवला. एक चरा पडला. पेन्सिल निघाली. पुन्हा फोटो घेतला, पुन्हा उलटा केला. भुवईच्या वर ओली जखम होती, आणि जखमेला लागून गोंदणाचे तीन ठिपके. माणिकरावांच्या पेन्सिलीखाली तेही गेले होते; पुढे वणाने ते गिळले, म्हणून साधनाने ते कधी बघितलेच नव्हते.

श्राद्धाच्या दिवशी भिंतीवर दगडोबाने करून आणलेला फोटो होता. गोरी, गुळगुळीत सिंधूबाई, गळ्यात कधीच नसलेली बोरमाळ. साधनाने आपला फोटो पाहुण्यांपुढे धरला. दगडोबा हसला. "कंपुटरवर आजकाल काय बी करता येतं." माना डोलल्या. ज्यांच्या घरात मेलेले लोक कोट घालून काश्मिरात उभे आहेत, त्यांच्याच माना.

साधनाने तो फोटो सिंधूबाईच्या आईपुढे, जिवनबाईपुढे ठेवला. म्हातारीने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"हे गोंदण म्याच करून घेतलं व्हतं, ही एवढीशी असताना. फोटू आला तवा त्यात गोंदण नव्हतं." मग दगडोबाकडे न बघताच म्हणाली, "तवाच कळलं मला, कायतरी झाकलंय."

दगडोबाने ताटातलं वरण कालवायला घेतलं आणि कालवतच राहिला. साधना जिंकली होती, पण तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. तिने आजीलाच विचारलं, "मग तिला न्यायला काहून आली न्हाईस?"

जिवनबाईचं बोट पुन्हा गोंदणावर गेलं. हनुमान माझ्यात जसा उभा आहे, तसाच दाराशी उभा होता.

भिंतीवर अजून गोरी सिंधूबाईच आहे. मी साधनाच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये राहते. बाहेर आले की माझ्यावर बोटांचे ठसे उमटतात, चरा वाढतोय, फार वर्षं काही टिकायची नाही. माझी नक्कल मोबाईलमध्ये आहे, पण तिच्यावर कोण विश्वास ठेवतो ते तुम्ही बघितलंच.

तुमच्या घरात अशा जुन्या निगेटिव्ह पडल्या असतील तर फेकू नका. आधी उन्हात तिरक्या धरून बघा, आणि रेघा चकाकल्या तर घरातल्या मोठ्यांना विचारा. साधना अधूनमधून मला खिडकीशी धरते. आता सिंधूबाईच्या कपाळावर, जिथे काठी लागली होती तिथून, सगळ्यात जास्त उजेड येतो.