गोंड्याची जट

मी गोंड्या. मोठ्या अंगाचा, लांब केसांचा एक बोका. मित्रांनो, माझ्या जातीला मेन कून म्हणतात. कानांच्या टोकांना झुबके, मानेभोवती आयाळ, पंजांच्या खालीसुद्धा केस आणि शेपूट म्हणजे नुसता पिसारा. आवाज मात्र एवढासा. देवळाली प्रवरेच्या या घरात मी टोपलीतून बाहेर आलो, तेव्हा भागूबाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

"आगं निकिता, मांजर म्हनून तरस आनलं का काय?"

निकिता त्यांची सून. पुण्याच्या मैत्रिणीने मला तिच्या हवाली केलं होतं. रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसून मला विंचरायची. उसात हिंडून आलो की केसांत अडकलेलं पाचट, कुसळं एकेक करून वेचायची. येणारेजाणारे थांबून बघत. मी मान वर करून बसे. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता.

मग ओम जन्मला. निकिताला स्वतःचे केस विंचरायला फुरसत मिळेना, मग माझे कुठून विंचरणार? मला तिचा राग आला नाही. मी चाटून चाटून अंग स्वच्छ ठेवत होतो. पण पुढच्या पायाच्या बगलेत जीभ नीट पोचेना. तिथे गुंता झाला, त्यात कुसळं रुतली, आणि बघता बघता तो गोवरीसारखा घट्ट झाला.

एके दिवशी शेजारच्या रंगुबाईने तो पाहिला आणि हात जोडले. "भागूबाई, ही तर जट! देवीची खूण हाय. हिला कात्री लावू नका, घराला बाधंल."

"रंगे, बोक्याला कसली देवी?" भागूबाई हसल्या.

"हसू नको. एवढं धिप्पाड मांजर गावात हाय का कुनाचं? न्हाई ना? मंग!"

भागूबाईंचं हसू मावळलं. घरात तान्हं पोर होतं. त्यांनी माझ्या जटेला हळदीकुंकू लावलं. शेजारणी येऊन पाया पडू लागल्या. मित्रांनो, मांजराला घाणीची किती लाज वाटते, तुम्हाला ठाऊक आहे? जटेखाली कातडी चिघळली होती. तिचा वास मलाच सोसवत नव्हता, आणि लोक तिच्यापुढेच डोकं टेकत होते! मी कॉटखाली तोंड लपवून बसू लागलो. निकिताने हाक मारली तरी तिच्या मांडीवर जायचं धैर्य होत नसे.

ओम रांगायला लागला होता. एका दुपारी तो कॉटखाली आला आणि त्याने हसत हसत जट ओढली. कळ अशी उठली की माझा पंजा चालला. त्याच्या इवल्याशा हातावर लाल रेघ उमटली. तो रडला, आणि मी भिंतीला चिकटलो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"देवाचं म्हनून ठिवलं, अन् पोरालाच वरबाडतंय!" भागूबाई कडाडल्या. "पोत्यात घाला अन् साखर कारखान्याकडं सोडून या!"

निकिताने ओमचा हात धुतला, त्याला सासूबाईंकडे दिलं आणि मला बाहेर ओढलं. जटेखाली बोटं घातली. ती ओली होऊन बाहेर आली. निकिता त्या बोटांकडे बघतच राहिली.

"आत्या, ही जट न्हाई. पोर झाल्यापासून मी याला विंचरलंच न्हाई, त्याचा गुंता हाय हा. आत सडलाय. कात्री द्या."

"लावू नको गं!" रंगुबाई दारातून ओरडली. "बाधंल!"

निकिताने स्वतःच कात्री उचलली, पण तिचा हात थबकला. ओम अजून मुसमुसत होता. भागूबाई वाकल्या. त्या वासाने त्यांनी पदर नाकाला लावला, मग हळूच काढला. ओमला त्यांनी रंगुबाईच्या कडेवर दिलं, खाली बसल्या आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"काप. बाधलंच तर मला बाधू दे." मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, "लई दुखत हुतं का रं? आन् आमी कुंकू लावीत बसलो."

निकिताने जट कापली, आणि गुराढोरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली. आज माझी एक बाजू केसांवाचून उघडी आहे, आणि कुणी बघितलं की मी अजून अंग चोरतो. मित्रांनो, लांब केसांचं मांजर घरी आणाल तर त्याला रोज विंचरा. आणि ते कोपऱ्यात जाऊन बसू लागलं, तर त्याला जवळ घेऊन केसांखाली बोटं घालून बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.