कुंकू लागेपर्यंत लोखंड

खंडेनवमीच्या सकाळी हळद-कुंकू, झेंडूच्या माळा आणि निरांजन असं ताट घेऊन मी मागच्या पडवीत गेले, तर तिथे ह्यांचा लोखंड कातायचा लेथच नव्हता. म्हणजे होता, पण सतरंजीवर पसरलेला. इकडे पट्टा, तिकडे पुल्या, डालड्याच्या डब्यात बोल्ट. मोटर पलीकडे ड्रिलच्या खांबाला अर्धवट लावलेली, आणि आमचे यज्ञेश्वरराव हातात पाना घेऊन उकिडवे बसलेले.

"अहो, हे काय?"

"ड्रिलला जरा मोटर लावून बघत होतो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "लेथच्या पायाला अजून दोन भोकं पाडायला हवीत. थरथरतो."

काल संध्याकाळपर्यंत तो छान चालत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतला ह्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा हे तिथे मेन्टेनन्सचे सुपरवायझर होते. पोलादपूरला घरी येऊन बसले आणि म्हणाले, आता स्वतःचं वर्कशॉप काढू. यंत्रं विकत नाही घ्यायची, आपणच बनवायची. मला मनापासून आवडलं ते. घाटात उलटणाऱ्या ट्रकांमुळे आमच्या भंगारवाल्याकडे लोखंडाला तोटा नाही. जीपच्या गिअरबॉक्समधून लेथचं डोकं झालं, ट्रकच्या जॅकच्या आट्यावर हत्यार पुढे-मागे सरकायला लागलं, पाडलेल्या थिएटरच्या तुळया खाली गेल्या. ह्यांचं डोकं सुपीक आहे, हातात कला आहे, त्यात वादच नाही.

पण मोटर एकच. ग्राइंडर तयार झाला की त्याची काढून ड्रिलला लावायची, ड्रिल झालं की करवतीला. हत्याराने हत्यार बनवायचं, त्याने आणखी पुढचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. 'आधी लगीन लेथचं,' असं मी चिडवायचे आणि ते हसायचे. दाराशी कुणी काम घेऊन आलं की मात्र उत्तर ठरलेलं: अजून थोडं बाकी आहे.

श्रावणात माझ्या भावाने ह्यांच्यासाठी ठाण्याला गोदामातली नोकरी बघून ठेवली. तेव्हा आमचं दोघांचं ठरलं. दसऱ्याला वर्कशॉप सुरू झालं तर इथेच राहायचं, नाहीतर दिवाळीआधी ठाण्याला. मला जायचं नव्हतं. माझी शाळा इथे, वर्गातली पोरं इथे. ठाण्यात मी कुणाची तरी पाहुणी म्हणून जगले असते. म्हणून कापडे गावच्या भिकाजींना मीच सांगून ठेवलं होतं. त्यांची भाताची गिरण आहे. गिरणीचा दांडा ज्या पितळी कड्यात फिरतो, तो बुश झिजला होता आणि भातं कापायला आली होती. दसऱ्याला या, करून मिळेल, असं मी परस्पर कबूल केलं होतं. आणि हे महाशय आदल्या दिवशी मोटर काढून बसले!

"बसवा परत," मी म्हटलं.

"आज? आज खंडेनवमी. हत्यारांना हात लावायचा नसतो," हातातला पाना खाली ठेवत ते म्हणाले.

"मी कुंकू लावलंय का अजून? कुंकू लागेपर्यंत ते लोखंडच."

ताट खिडकीत ठेवलं आणि मी पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. हे जागचे हलेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "भिकाजींना दिवाळीनंतर या म्हणू."

दिवाळीनंतर! मी पदर खोचला, पाना उचलला आणि मोटरच्या बोल्टला भिडले. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पाना सटकला, बोटांची सालं निघाली.

"अगं, उलटं फिरवतेयस."

"फिरवू दे. आधी सांगा, का काढलीत?"

त्यांनी सतरंजीवरचा पट्टा उचलून गुंडाळला. मग म्हणाले, "लेथ जोडलेला दिसला की लोक काम आणणार. महाडला काही बिघडलं तर कारखान्याचं बिघडायचं. इथे बिघडलं तर माझं बिघडणार. भीती वाटते, विनू."

माझा राग उतरला नाही, खोटं कशाला बोलू. "मला ठाण्याची वाटते," मी म्हटलं. "आता दोघांनी घाबरून बसायचं का?"

मी पाना सुलटा फिरवून मोटर सोडवली, कशीबशी ओढत लेथपाशी आणली आणि हाताला लागला तो बोल्ट घातला. आडवा गेला. ते एवढं मात्र ह्यांना बघवेना. "तो तिथला नाही, आटे जातील," म्हणत त्यांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. दुपारचं जेवण कलत्या उन्हात झालं. दिवेलागणीला त्यांनी बटण दाबलं, लेथ फिरला, थांबला, आणि मग मी कुंकू लावलं.

सकाळी भिकाजी आले. जुना बुश फडक्यात, आणि हातभर पितळी दांडा काखेत. पायरीवर टेकले. ह्यांनी दांडा लेथच्या जबड्यात, चकमध्ये धरला, मोटर सुरू केली. पितळेचा भुगा उडायला लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, ना आत ना बाहेर. दूध उतू गेलं तरी हलले नाही.

मोटर थांबली. ह्यांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं. चेहरा उतरला.

"सैल झाला," ते म्हणाले. "भोक मोठं पडलं. भिकाजी, तुमचं पितळ वाया घालवलं मी."

संपलं, असं वाटलं मला. ह्यांचा हात आपसूक पान्याकडे गेला आणि पाना मोटरच्या बोल्टला लागला. म्हणजे पुन्हा मोटर काढायचीच तयारी.

भिकाजींनी ते कडं उचललं, बोटावर फिरवून बघितलं आणि खिशात टाकलं. "ऱ्हाऊ दे. नातीला खेलाया व्हईल."

"तुम्ही महाडला नेऊन करून घ्या," हे म्हणाले.

"म्हाडला कशाला? दांडा उरलाय न्हवं येवढा? पयली भाकरी करपतेच, भाऊ. दुसरा कर. मी बसतो हितं, मना घाई नाय." मग माझ्याकडे वळून, "वयनी, च्या ठेवा जरा."

ह्यांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग तो खाली ठेवला आणि दांडा पुन्हा चकमध्ये धरला.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. बाहेर मोटर सुरू झाली होती.