कुलूपवाल्याच्या झाडावरचा सुतार

किल्लीकाकांच्या घरात जेवढी कुलपं होती, तेवढी माणसं त्यांच्या लग्नालाही आली नसतील. ही थट्टा काकांचीच. पूर्वी ते ती हसत हसत करायचे. हल्ली नुसती करायचे.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टीचभर दुकान होतं. कुलपं विकायची, किल्ल्या कापून द्यायच्या आणि कुणी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं की शिव्या न देता जाऊन उघडून द्यायचं. पण शहरातलं सगळ्यात जबर कुलूप दुकानात नव्हतं, ते काकांच्या मागच्या दाराला होतं. आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडायचं नाही. चोरासाठी नव्हतंच ते. ते बायकोसाठी होतं.

तिला विसरायला व्हायचं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग वार, मग लेकीचं नाव. तिथवर काकांनी हसून निभावलं. पण हिवाळ्यात एका दुपारी ती मागच्या बागेतून फाटक उघडून जी गेली, ती संध्याकाळी बसडेपोत सापडली. एका पायात चप्पल, दुसरा पाय गारठून निळा. त्या दिवशी काकांच्या आतलं काहीतरी बंद पडलं ते पडलंच. रडू आलं नाही, की राग आला नाही. तिला घरी आणलं, पाय शेकले, दुकानातलं सगळ्यात महागाचं कुलूप आणून दाराला बसवलं, जेवले आणि झोपले. झोपही लागली, बोला आता!

लेकीला हे मुळीच पटलं नाही. एका रविवारी ती आली आणि दारातच भडकली.

"बाबा, आईचा जीव बागेत आहे. तिला असं कोंडून ठेवणार असाल तर मी तिला माझ्याकडे नेते. या महिनाअखेरीला नेते, आत्ताच सांगून ठेवते."

"ने की," काका म्हणाले.

बायको गेली की या घरात आपण आणि कुलपं एवढंच उरणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण आतपर्यंत पोचत नव्हतं. लेक रडत गेली. काकांनी दार लावून घेतलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

बायको दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. बाहेर एक जुनं झाड होतं, अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं. वाळलेल्या फांदीवर सुतारपक्षी होता. हिरव्या बाजूला, खिडकीच्या अगदी समोर, काकांनी पूर्वी दाराच्या उरलेल्या फळीतून केलेलं लाकडी घरटं होतं, त्यात चिमण्या. शिवाय एक खार आणि साळुंक्यांची एक भांडखोर जोडी. दुपारी काका जेवायला आले की ती सगळी खबर द्यायची.

"सुताराने आज खारीला पार खालपर्यंत पळवलं."

"असं?"

"त्याला चहा तरी विचारा. सकाळपासून ठोकतोय बिचारा."

पूर्वीचे काका यावर पोट धरून हसले असते. आता त्यांनी ताट विसळलं. मग ती खाली मान घालून म्हणाली, "अहो, इथे रोज एक माणूस येतो."

"कोण माणूस?"

"माहीत नाही. मला भीती वाटते त्याची."

कुलूपवाल्याला हे सांगितल्यावर तो काय करणार? काकांनी फाटक तपासलं, खिडकीचे गज हलवून पाहिले आणि मागच्या दाराला वरून आणखी एक बोल्ट मारला. "आता नाही येत कुणी," म्हणाले. तिने बोल्टाकडे पाहिलं आणि ती परत खिडकीशी जाऊन बसली.

बाहेर सुताराचीही धडगत नव्हती. मेहनतीने कोरलेलं त्याचं घर पुरं झालं मात्र, साळुंक्या त्यात चिंध्या आणि काड्या घेऊन घुसल्या. आयत्या बिळावरच्या नागोबा नुसत्या! सुतार चिरचिरला, चोची मारल्या, चार पिसं गमावली, पण दोघींपुढे त्याचं काही चालेना. मग तो बेघर सुतार सगळा राग घेऊन चिमण्यांच्या घरट्यावर आला. आत पिल्लं होती. दारावर बसून तो भोकाची कड फोडू लागला. ढलप्या उडाल्या, आत चिवचिवाट, बाहेर चिमणीचा आकांत.

"अहो, घर फोडतोय तो! पिल्लं खाईल!" ती काचेवर हात आपटू लागली.

काका झाडू घेऊन धावले. सुतार उडाला आणि पलीकडच्या खांबावर बसून वाट बघत राहिला.

घरफोडी म्हटली की काकांचे हात आपोआप चालतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी जाड पितळी पत्रा कापला, मधोमध भोक पाडलं, कानस मारली. किल्लीच्या भोकाभोवती चकती असते ना, तशीच, फक्त मोठी. भोक त्यांनी मुद्दाम तंग ठेवलं. सैल भोक म्हणजे चोराला आमंत्रण, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. चिमण्या चाऱ्याला गेल्या होत्या, तेवढ्यात शिडी लावून पत्रा चार स्क्रूंनी आवळला. काम चोख झालं. मागचं दार लावून, बोल्ट सरकवून, किल्ली खिशात टाकून ते पुढच्या दारालाही बाहेरून कुलूप घालून गेले.

त्या दुपारी गिऱ्हाइकाकडे तिजोरी अडकली म्हणून जेवायला येता आलं नाही. संध्याकाळी परतले तर ती खिडकीशी नव्हती. मागच्या दाराशी जमिनीवर बसली होती. हाताची बोटं सुजलेली, सांध्यांवर कातडं सोललेलं. दिवसभर दार ठोकत होती.

"काय गं हे? काय झालं?"

"ती बाहेरच राहिली."

"कोण?"

"आई."

तिची आई जाऊन जमाना झाला होता. काकांनी उगाच वाद घातला नाही. बोटांना मलम लावलं, दोन घास भरवले आणि तिला झोपवलं.

सकाळी झाडावर सुतार ठोकत होता, साळुंक्या भांडत होत्या, खार ओरडत होती. चिमण्यांच्या घरट्यातून मात्र काही आवाज नव्हता. काका शिडीवर चढले. पितळी भोकाच्या कडेला एक तपकिरी पीस अडकलेलं होतं. त्यांनी आपलं बोट भोकात घालून पाहिलं, मग दुसरं बोट, आणि मग त्यांना कळलं. चिमणीचं डोकं आत जात होतं, खांदे जात नव्हते. मायलेकरं एकमेकांना बघत होती, एवढंच.

त्यांनी घरट्याचं झाकण उघडलं. पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती, चोची दाराकडे. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सुतार आत शिरला नव्हता. कुणीच शिरलं नव्हतं.

काकांनी ती गार पिल्लं एकेक करून रुमालात घेतली. मग खाली उतरून त्यांनी झाडाखाली छोटा खड्डा केला. हात करत होते, ते बघत होते. माती सारखी करून झाल्यावर त्यांची नजर खिडकीकडे गेली. ती काचेमागे उभी होती. मलम लावलेली बोटं काचेवर टेकवून ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. त्यांनी हात हलवला. ती मागे सरकली.

ते घरात आले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या दाराशी बसले. आधी बोल्ट काढला. मग कुलूप. एवढं जबर कुलूप, पण निघताना बाकीच्यांसारखंच निघालं. दारात त्याच्या जागी एक गोल, आरपार भोक राहिलं, आणि त्यातून उन्हाचा तुकडा फरशीवर पडला.

ती हळूहळू जवळ आली. कुलूप, बोल्ट, हत्यारं सगळं काकांनी पिशवीत भरून कोपऱ्यात सारलं होतं. तिने भोकात बोट घातलं.

"सुताराने केलं?"

"हो," काका म्हणाले. "सुताराने."

तिने वाकून भोकाला डोळा लावला. काकांनी दार हलकेच ढकललं. दार बाहेर उघडत गेलं, तशी तीही डोळा न काढता दाराबरोबर एकेक पाऊल सरकत गेली, उंबऱ्याबाहेर, पायरीवर, उन्हात. सगळी बाग तिच्या बाजूला मोकळी पडली होती आणि ती अजून भोकातूनच बघत होती.

"अगं, दार उघडं आहे. इकडून बघ की."

"हळू बोला!" तिने त्यांचा हात घट्ट धरला. आता मात्र तिने त्यांना ओळखलं होतं, ते तिच्या धरण्यातूनच कळत होतं. "तो माणूस ऐकेल ना."

"कोण माणूस?"

"तोच हो. रोज सकाळी किल्ली फिरवतो आणि जातो. तुम्ही कुठे असता तेव्हा? मी किती हाका मारते तुम्हाला."

बसडेपोतल्या त्या संध्याकाळपासून बंद पडलेलं काकांच्या छातीतलं ते काहीतरी तेव्हा हललं, आणि इतकं दुखलं की त्यांना पायरीवर बसावं लागलं. तीही त्यांना टेकून बसली. सुतार वाळल्या फांदीवर नव्या जागी ठोकायला लागला होता.

"गेला का तो?" तिने कानाशी विचारलं.

"गेला," काका म्हणाले. "आता नाही यायचा."