काचेच्या कपाळावर लिहिलेलं

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाची तर नव्हेच. वाचनालयाच्या दारात, चिमुरड्यांच्या उंचीएवढी उभी केलेली रंगीत काच. माझ्या पोटात दिवे आहेत. तळवा टेकला की तेवढ्याच जागी उजेड फुलतो, बोट फिरवलं की मागोमाग धावतो.

"पोरांनी हात लावावा म्हणूनच तुझा जन्म गं," घडवणारी बाई म्हणाली. कपाळावर काहीतरी चिकटवलं, थोपटलं आणि मला पेटीत घातलं.

इथं आले आणि माझी मतीच गुंग झाली. पोर धावत यायचं, हात उचलायचं, की मागून आई ओरडायची, "हात लावू नकोस!" बाप दरडावायचा, "वाचता येत नाही का?" शाळेत जाणारी तर स्वतःच काहीतरी वाचून मागं सरायची. काय वाचायची? माझं कपाळ मला कसं दिसणार? मी काय चावते का? पोटात उजेड, आणि वरून मी काळीकुट्ट.

एके सकाळी दिवेवाला आला. "हिचे दिवे कधी लागलेले पाहिलेत?"

"एकदाही नाही," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "बिघडलेलीच आली असणार."

त्यानंही माझ्या कपाळाकडं पाहिलं, हात खिशात घातले. "काढून नेतो मग."

तेवढ्यात एक आजी आली. बरोबर नुकताच पाऊल टाकायला लागलेला नातू. तो थेट माझ्याकडं निघाला.

"अहो आजी, पाटी वाचा ना!" बाई म्हणाल्या.

"मला कुठं वाचता येतंय? आणि ह्याला तर धड बोलताही येत नाही. तुम्हीच वाचा बाई मोठ्यानं."

बाई वाचणार, तोच नातवाचा तोल गेला. दोन्ही तळवे माझ्यावर आदळले, आणि मी लागले! त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, फुंकर मारली, मला चाटून बघितलं. मग कपाळावरचं ते ओढून काढलं नि तोंडात घालायला निघाला.

बाईंनी ते काढून घेतलं. "काच आहे. सांभाळून. हात लावू नका."

"अहो, ही तर हमालांसाठीची चिठ्ठी!" दिवेवाला म्हणाला. "सोलायची राहिली."

"घ्या! लिहिलं हमालांना, भोगलं हिनं," आजी म्हणाली.

तेव्हापासून दिवसभर लागते मी. पण घोटाळा काही सुटत नाही. मोठी माणसं अजूनही आधी माझं कपाळ निरखतात आणि हात मागं बांधून उभी राहतात. कोरं कपाळसुद्धा ही कशी वाचतात, कुणास ठाऊक!

तुम्ही आलात तर वाचत बसू नका. तळवा टेका. गार लागेन, पण क्षणभरच.