ब्राह्मीची रेघ

ब्राह्मी तान्ही असल्यापासून तिचं अर्धं अंग अधूनमधून लुळं पडायचं. कधी डावं, कधी उजवं. झोपून उठली की पोरगी पुन्हा खडखडीत! त्यामुळं निपाणीतल्या भावकीत एकच बोलणं, "सोंग करतीया."

तिच्या थोरल्या बहिणीला, त्रिशलाला, ते फार लागायचं. पुढं ती बेळगावात संशोधनाला लागली. ब्राह्मीच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा दोष निघाला तो पेशीतल्या पंपात. हा पंप सोडियम बाहेर टाकतो, पोटॅशियम आत घेतो; त्यावरच मज्जातंतूंचं काम चालतं. त्रिशलानं तोच दोष असलेला पंप प्रयोगशाळेत बेडकीच्या अंड्यांत तयार करून घेतला. घरी मात्र तिनं नुसतं "पेशींवर काम" एवढंच सांगितलं होतं. वडील, कुंथुनाथ आप्पा, मुंगीसुद्धा चुकवून पाय टाकणारे जैन.

आणि एक दिवस आप्पाच ब्राह्मीला घेऊन बसनं थेट प्रयोगशाळेत आले. दारातच काचेची टाकी, आत बेडक्या.

"ह्या बेडक्या कशाला गं?"

त्रिशलानं खरं ते सांगून टाकलं. "भूल देऊन थोडी अंडी काढतो, आप्पा. मग टाके घालतो. जगतात त्या."

आप्पा टाकीकडं पाठ करून खुर्चीवर बसले. ब्राह्मीनं बहिणीचा हात ओढला. "आक्का, माझा पंप दाव की."

त्रिशलानं आधी निरोगी पंपाचं अंडं यंत्राला लावलं. व्होल्टेज बदललं की पंपात अडकलेले सोडियमचे कण सरकतात, आणि तेवढा विद्युतभार हलल्याची खूण स्क्रीनवर उमटते. तशी रेघेची टेकडी उठली नि उतरली. मग तिनं दोष असलेल्या पंपाचं अंडं लावलं. तेवढंच व्होल्टेज दिलं. रेघ जवळजवळ सपाट.

"हे माझं?"

"व्हय. तुझ्या पंपात भार हलतच न्हाय म्हण." त्रिशलाला वाटलं, आता ही रडणार.

ब्राह्मी टाळी वाजवून हसली. "आप्पा, बघा! सोंग न्हाय ते!" तिनं मोबाईलवर फोटो काढला आणि लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकून दिला.

आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. "यावर औषध हाय?"

"अजून न्हाय. पण अडलंय कुठं, ते कळलं."

"मग शोध." ते उठले, टाकीपाशी गेले. "ही अंडी कुणाची?"

त्रिशलानं कोपऱ्यातली ठिपक्यांची बेडकी दाखवली. आप्पांनी तिच्यापुढं हात जोडले. "क्षमा कर, बाई. लेकीसाठी झालं." मग ते त्रिशलाकडं वळले. "हिला परत सुरी लावायची न्हाय."

"न्हाय लावणार, आप्पा."

बाकीच्या बेडक्यांचं त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळी आप्पा नि ब्राह्मीला बसमध्ये बसवून ती प्रयोगशाळेत परत आली, आणि ठिपक्यांच्या बेडकीला तिनं वेगळ्या टाकीत हलवलं.