त्रेपन्न माणसांच्या रांगा

"बाई, फोटोसाठी त्रेपन्न माणसं सारख्या रांगांत कशी उभी राहतील? पटकन सांगा," मॅनेजर म्हणाला.

मलाच विचारणार. ग्लासांच्या या कारखान्यात एकवीस वर्षं पॅकिंग करते मी. चोवीस नग म्हटलं की चार सक, अठ्ठेचाळीस म्हटलं की सहा अठ्ठे, हात आपोआप खोका उचलतात. त्रेपन्नाला मात्र दोनाने, तिनाने, पाचाने, साताने, सगळ्यांनी भागून पाहिलं. शाळेत याला मूळ संख्या म्हणायचे.

"नाही जमत. एक रांग अपुरी राहू द्या."

"अपुरी? मालकांच्या खोलीत लागणार आहे हा फोटो! एक माणूस कमी करू. बावन्नचं काय?"

"तेरा चोक," मी बोलून बसले. जळो माझी जीभ!

त्याची नजर सगळ्यांवरून फिरली आणि संडास धुणाऱ्या मावशींवर थांबली. दुसरीकडे कुठे थांबणार होती म्हणा! मावशी परवा निवृत्त होणार. सव्वीस वर्षांत एकाही फोटोत नाहीत. आज इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून आल्या होत्या. सकाळपासून दहादा म्हणाल्या असतील, "नातीला दाखवीन गं, ही बघ तुझी आजी."

"मावशी, तेवढं आतलं आवरून घेता का?" मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. शी! त्या गोडव्याची किळस आली मला.

"हो साहेब," म्हणत मावशी निघाल्यासुद्धा. बाकीचे सरकून त्यांची जागा भरू लागले. मला सगळ्यांचीच शिसारी आली, माझीसुद्धा.

"त्यांना राहू द्या, मी जाते," मी म्हटलं. "बावन्नच होतील."

"उगाच तमाशा नको, बाई. उभ्या राहा."

मी सरळ रांग मोडून मावशींच्या मागे गेले. आता बसा म्हटलं बोंबलत! एक्कावन्नाच्या कुठे सारख्या रांगा होतायत? झक मारत दोघींना बोलवावं लागेल.

मावशी संडासात बादली भरत होत्या, कपड्यांवर पाणी उडू नये म्हणून लांबून.

"तू कशाला आलीस गं, वेडे?"

"थांबा, आत्ता बोलावतील आपल्याला."

"सतराच्या तीन रांगा करा!" बाहेरून मॅनेजर ओरडला.

सतरा त्रिक एक्कावन्न. एकवीस वर्षं पॅकिंग करून एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"सगळ्यांनी हसा!" फोटोवाल्याची हाक आली.

मावशींनी बादली खाली ठेवली, ओला हात पुसला आणि केस नीट केले.