मन्मथअप्पाच्या तळघरातली गंगा

मुरुडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली. कलेक्टर आला, पाट्या बदलल्या, पाणी काही आलं नाही. विहिरींनी तळ दाखवलेला, आणि मन्मथअप्पा आडत्याच्या तळघरात म्हणे साक्षात गंगा अवतरलेली! गुडघाभर पाण्यात ज्वारीची पोती कुजून घाण सुटली होती. पण उपसायचं नाव काढायची सोय नव्हती. "गंगा उपसली की वंश बुडतो," असं गावात नव्यानं उतरलेल्या जटागीर बाबानं बजावलेलं. भिंतीला टेकवून विटांवर त्यानं मोठी पिंडही मांडली होती.

पंचशीलाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर नाक धरून उभ्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, राहायला शेवटच्या गल्लीत. तिथला नळ दोन महिने कोरडा. बायापोरी मैलभरावरून घागरी वाहून बेजार, आणि इथं पाण्याला हळदकुंकू! बाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"महाराज, गंगेला ब्लिचिंगचा वास कसा काय?"

"सर्गाचा वास हाय त्यो! सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा. त्याच दिशी आई वर येती."

गावात नळ सुटायचे तेच दोन वार. एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात शिरू नये? पाणी सोडणाऱ्या लिंबाजीला बाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं : मी शिट्टी वाजवेपर्यंत चावी फिरवायची नाही.

बाबा घसा फोडून आईला हाका मारत राहिला. सातचे नऊ झाले, पाणी बोटभर चढलं नाही. बाबानं घाम पुसला आणि बाईंकडे बोट केलं.

"इटाळ झाला! ही बाई पायरीवर आली, म्हणून आई रुसली!"

गर्दी गुरगुरली. बाईंच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं, पण त्या मागे सरल्या नाहीत.

"असं? मग आता मीच बोलावते."

दारात जाऊन, लिंबाजी बसला होता त्या टाकीकडे तोंड करून त्यांनी शाळेची शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत पिंडीमागून पाणी बदाबदा उसळलं.

"काय महाराज, माझ्या शिट्टीला गंगा धावली की!"

मन्मथअप्पा पाण्यात उतरला, आडव्या आलेल्या बाबाला ढकललं, पिंड सरकवली. मागं शेवटच्या गल्लीला जाणारा नळ, त्याचा फुटका सांधा, आणि तो दिसू नये म्हणून भोवती गुंडाळलेली बाबाच्याच भगव्या कफनीची चिंधी! लोक चिंधी बघेपर्यंत बाबानं जटा सावरत पोबारा केला.

मग अख्खा मोंढा घमेली-बादल्या घेऊन भिडला. दोन दिवस गाळ उपसला, मोड आलेली ज्वारी उकिरड्यावर गेली, सांधा नवा बसला. गुरुवारी शेवटच्या गल्लीत नळ आला. अप्पा खाली मान घालून बाईंच्या दारात उभा राहिला.

"चुकलंच, बाई. देवाचं म्हणलं की इचारायला जीभच रेटत न्हाई बगा."

"अप्पा, विचारल्यानं देव बुडत नाही. तुम्ही विचारलं नाही, म्हणून आमची गल्ली दोन महिने तहानलेली राहिली. हात जोडायच्या आधी पाणी येतं कुठून, तेवढं बघत जा."